धक्क्याला बांधलेल्या बोटीवरचा उन्हाळा: राहणं, गारवा आणि रोजची डागडुजी

बुडणाऱ्या बोटींपैकी पुष्कळशा भर समुद्रात नव्हे, धक्क्याला बांधलेल्या असताना बुडतात. त्यामागचं कारणही बहुतेक वेळा किरकोळ असतं. नळीवरची गंजलेली पट्टी तुटते, रबर भेगाळतं, तळातल्या पंपाचा स्विच कचऱ्यात अडकतो. रिकाम्या बोटीवर हे कुणाच्या लक्षात येत नाही. बोटीवर राहणाऱ्या माणसाच्या लक्षात येऊ शकतं, पण नेमकं कुठे पाहायचं हे त्याला ठाऊक असायला हवं.

बांधलेल्या बोटीसाठी उन्हाळा हा सगळ्यात कसोटीचा काळ, असं माझं ठाम मत आहे. ऊन दोर, रबर आणि रंग खातं. पाणी कोमट झालं की शेवाळ झपाट्याने वाढतं. बॅटरीतलं पाणी उडतं. एसी आणि फ्रिज दिवसरात्र चालल्यामुळे वायरी कधी थंडच होत नाहीत. आतला माणूसही उकाड्याने सुस्तावतो आणि आजचं काम उद्यावर जातं. म्हणून आधी वेळ ठरवून घ्या. डेकवरची कामं सूर्य वर येण्याआधी करायची. दुपारी सावलीत बसून होतील अशीच कामं घ्यायची. दोर, गाद्या आणि खिडक्या यांच्याकडे संध्याकाळी बघायचं. तळघरासारख्या अरुंद इंजिनच्या खोलीत भर दुपारी अजिबात उतरू नका. तिथे माणसाला उष्माघात व्हायला फार वेळ लागत नाही, आणि चक्कर आली तर बाहेर ओढून काढणंही अवघड असतं.

पाणी आत कुठून येऊ शकतं, ते आधी बघा

पहिल्या दिवशी एक वही घ्या आणि बोटीचा वरून दिसतो तसा आराखडा काढा. बोटीच्या तळाला जिथे जिथे भोक आहे, तिथे खूण करा: इंजिन थंड करणारं पाणी, एसीचं पाणी, शौचालय, बेसिन, पाण्याची खोली मोजणारं यंत्र, बोट ढकलणाऱ्या पंख्याचा दांडा म्हणजे शाफ्ट. बहुतेकांना आपल्या बोटीला अशी किती भोकं आहेत हे ठाऊक नसतं, आणि मोजल्यावर संख्या अंदाजापेक्षा जास्त निघते. हा आराखडा जिन्याजवळ चिकटवून ठेवा. रात्री पायाला पाणी लागलं तर विचार करायला वेळ नसतो, तेव्हा तो उपयोगी पडतो.

आता एकेका भोकापाशी जा. त्यावर झडप असते, तिला सीकॉक म्हणतात. ती पूर्ण बंद करा, पूर्ण उघडा, पुन्हा बंद करा. हे महिन्यातून एकदा झालंच पाहिजे, कारण न फिरवलेली झडप जाम होते. जाम झालेली झडप मूठ लांब करण्यासाठी पाइप लावून जबरदस्तीने फिरवू नका. जुना, गंजलेला धातू मुळातून तुटला तर भोक पाण्याखाली उघडं पडेल. अशी झडप बोट पाण्याबाहेर काढल्यावरच दुरुस्त करायची.

झडपेवर चढवलेली नळी हाताने दाबून बघा. ती दगडासारखी कडक झाली असेल, फुगली असेल किंवा वाकवल्यावर भेगा दिसत असतील तर बदला. पाण्याच्या पातळीखालच्या नळीवर, जागा असेल तिथे, स्टेनलेसच्या दोन पट्ट्या हव्यात. पट्टी वरून चकचकीत दिसली म्हणून समाधान मानू नका. खालच्या बाजूने हाताचं बोट फिरवून बघा. गंज जवळजवळ नेहमी न दिसणाऱ्या बाजूला, स्क्रूपाशी सुरू होतो. शिवाय प्रत्येक झडपेला त्या भोकाच्या मापाची, निमुळती लाकडी गुडदी दोरीने बांधून ठेवा. कपाटात ठेवलेली गुडदी वेळेला सापडत नाही.

हे सगळं मी पंपाच्या आधी का सांगतोय, ते आकड्यांवरून कळेल. पाण्याच्या पातळीखाली ३० सेंटिमीटरवर ५ सेंटिमीटर व्यासाचं भोक पडलं तर मिनिटाला १५० लिटरपेक्षा जास्त पाणी आत येतं. ताशी १९०० लिटर असं लिहिलेला पंप मिनिटाला जेमतेम ३२ लिटर फेकतो, आणि पाणी वर उचलताना त्याहूनही कमी. म्हणजे पंप ठिबकणाऱ्या पाण्यासाठी आहे. तुटलेल्या नळीपुढे त्याचा निभाव लागत नाही. तिथे फक्त फिरणारी झडप कामाला येते.

तरीही पंप तपासायचाच. आठवड्यातून एकदा त्याचा तरंगता स्विच हाताने वर उचला आणि पंप सुरू होतो का बघा. मग एक बादली पाणी तळात ओता आणि ते खरोखर बोटीबाहेर पडताना डोळ्यांनी बघा. पंपाचा आवाज आला म्हणजे पाणी बाहेर गेलं असं होत नाही. नळी निसटलेली असेल तर तेच पाणी आतल्या आत फिरत राहतं. पंप दिवसातून किती वेळा लागतो याची वहीत नोंद ठेवा. उन्हाळ्यात एसीचं ठिबकणारं पाणी तळात जात असेल तर आकडा वाढलेला दिसेल. शंका आली तर एक दिवस एसी बंद ठेवा. पंप तरीही तितकाच चालला तर पाणी दुसरीकडून येतंय. अशा वेळी शाफ्ट जिथून बाहेर जातो ती जागा आधी बघा. जुन्या पद्धतीच्या, दोरीसारखं पॅकिंग भरलेल्या जोडातून शाफ्ट फिरताना मिनिटाला काही थेंब पडणं ठीक असतं. बोट उभी असताना धार लागता कामा नये.

धक्क्यावरच्या नळाचं पाणी थेट बोटीच्या नळांना जोडायची सोय असेल, तर ती मोहात पाडते. आतला एखादा जोड सुटला तर तो नळ तासन्‌तास बोट भरत राहील. टाकी भरा आणि नळी काढून ठेवा, हे मला जास्त पटतं. थेट जोडणारच असाल तर दाब कमी करणारा रेग्युलेटर लावा आणि बोट सोडताना नळ धक्क्यावरच बंद करा.

धक्क्यावरची वीज

इथे घाई नको. केबल जोडायचा आणि काढायचा क्रम ठरलेला आहे आणि तो रोज तसाच पाळायचा:

१. धक्क्यावरच्या खांबातला ब्रेकर बंद. बोटीतला मुख्य स्विचही बंद.
२. केबलचं बोटीकडचं टोक आधी लावा, वळवून नीट अडकवा.
३. मग खांबाकडचं टोक लावा.
४. खांबाचा ब्रेकर सुरू करा. उलट्या जोडणीचा इशारा देणारा दिवा बघा. तो लागला तर लगेच बंद करा आणि धक्क्याच्या लोकांना सांगा.
५. दिवा लागला नाही तर बोटीतला मुख्य स्विच, आणि मग एकेक उपकरण.

काढताना आधी बोटीतली उपकरणं आणि मुख्य स्विच बंद करा, मग खांबाचा ब्रेकर. त्यानंतर खांबाकडचं टोक काढा आणि बोटीकडचं शेवटी. या क्रमामागचं कारण सरळ आहे: पाण्यावरून चालताना तुमच्या हातात कधीही जिवंत वीज असलेलं मोकळं टोक नसावं.

उन्हाळ्यातला खरा धोका प्लगमध्ये असतो. पिना थोड्या ढिल्या झाल्या किंवा त्यांवर क्षार चढला की तिथे अडथळा वाढतो आणि उष्णता तयार होते. विजेचा प्रवाह दुप्पट झाला की ही उष्णता चौपट होते. म्हणून थंडीत महिनोन्‌महिने नीट चाललेला प्लग एसी लागल्यावर आठवड्यात जळू शकतो. एसी तासभर चालल्यावर दोन्ही टोकांना बाहेरून हात लावून बघा. कोमट असेल तर ठीक. हात ठेवता येत नसेल तर भार कमी करा, वीज बंद करा आणि प्लग उघडून पाहा. तपकिरी डाग किंवा वितळलेलं प्लास्टिक दिसलं तर केबलचा प्लग आणि बोटीवरचं सॉकेट, दोन्ही बदला. एकच बदललं तर जुना भाग नव्यालाही जाळतो. सतत चालणारा भार जोडणीच्या क्षमतेच्या ८० टक्क्यांपर्यंतच ठेवा: ३० अँपिअरच्या जोडणीवर २४, १६ अँपिअरच्या जोडणीवर साधारण १३. केबलचं वेटोळं उन्हात ठेवू नका आणि ती पाण्यात लोंबू देऊ नका. घरातली साधी एक्स्टेन्शन वायर तर एका रात्रीसाठीही नको.

आता सगळ्यात महत्त्वाचं. उकाडा कितीही असो, वीज असलेल्या धक्क्यापाशी पाण्यात उतरू नका, मुलांनाही उतरू देऊ नका. एखाद्या बोटीतून गळणारी वीज पाण्यातून जमिनीकडे जाते आणि वाटेत माणूस आला तर त्याचे स्नायू आखडतात. हात-पाय हलवता न आल्यामुळे तो बुडतो. गोड्या पाण्यात हा धोका जास्त, कारण गोड्या पाण्यापेक्षा माणसाच्या शरीरातून वीज सहज वाहते. कुणी पाण्यात धडपडताना दिसलं तर उडी मारू नका. आधी वीज तोडा, मग तरंगती कडी किंवा दोर फेका आणि मदत बोलवा. बोटीत ३० मिलिअँपिअरला तुटणारा गळती-ब्रेकर बसवलेला असेल तर महिन्यातून एकदा त्याचं चाचणीचं बटण दाबा. नसेल तर जाणकार इलेक्ट्रिशियनकडून बसवून घ्या. या कामात पैसे वाचवू नयेत.

धक्क्याची वीज जोडली की आणखी एक गोष्ट घडते. जमिनीच्या म्हणजे अर्थिंगच्या तारेतून तुमची बोट शेजारच्या बोटींशी जोडली जाते आणि पाण्यातले धातू एकमेकांना खायला लागतात. यासाठीच तळाला झीज सोसणारे अ‍ॅनोड लावलेले असतात: खाऱ्या पाण्यात जस्त किंवा अ‍ॅल्युमिनियमचे, गोड्या पाण्यात मॅग्नेशियमचे. ते अर्धे झिजले की बदलायचे. नेहमीपेक्षा फारच लवकर झिजत असतील तर त्या तारेतला हा झिजवणारा प्रवाह अडवणारा गॅल्व्हॅनिक आयसोलेटर बसवण्याची वेळ आली आहे.

बॅटरी लेड-अ‍ॅसिडच्या असतील तर दर दोन आठवड्यांनी झाकणं उघडून पाण्याची पातळी बघा. डोळ्यांना चष्मा, हातांत मोजे आणि जवळपास ठिणगी नको, कारण चार्ज होताना हायड्रोजन निघतो. फक्त डिस्टिल्ड पाणी वापरा, आणि तेही चार्ज पूर्ण झाल्यावर भरा. प्लेटा उघड्या पडल्या असतील तरच चार्जच्या आधी त्या बुडतील एवढं घाला. तापमान दहा अंशांनी वाढलं की अशा बॅटरीचं आयुष्य साधारण निम्मं होतं, म्हणून बॅटरीच्या पेटीला हवा मिळते ना ते पाहा. काही तास न वापरलेल्या बारा व्होल्टच्या बॅटरीवर १२.७ म्हणजे भरलेली आणि १२.२ म्हणजे अर्ध्यावर आलेली.

सावली, वारा आणि कोंदटपणा

बरेच जण खिडकीला आतून पडदा लावतात आणि तरी उकडतं म्हणून तक्रार करतात. काचेतून आत आलेली उष्णता पडद्यापाशी थांबत नाही, ती खोलीतच राहते. ऊन बाहेरच अडवायला हवं. छपरावरच्या काचेच्या झडपांना बाहेरून पांढरं कापडी आवरण घाला आणि डेकवर फिक्या रंगाचं छत ताणा. छत डेकला चिकटलेलं नको, मधून वारा वाहील एवढी मोकळी जागा हवी. पश्चिमेकडून तिरपं येणारं ऊन सगळ्यात जास्त छळतं, त्या बाजूला छताला खाली सोडता येईल असा पडदा शिवा. छत बांधताना एका ओढीने सुटणाऱ्या गाठी मारा. उन्हाळ्यात वादळी ढग अचानक येतात. दोन मिनिटांत उतरवता येत नाही ते छत जोराच्या वाऱ्यात शिडासारखं भरतं आणि बोटीचे दोर ताणतं.

नांगरावर उभी असलेली बोट आपोआप वाऱ्याकडे तोंड करते. धक्क्याची बोट तसं करू शकत नाही. म्हणून संध्याकाळी वारा कुठून येतो ते चार दिवस बघा. तो मागून येत असेल तर संपूर्ण उन्हाळ्यासाठी बोट उलट दिशेने बांधता येईल का, याचा विचार करा. अर्ध्या तासाच्या या कामाने होणारा फरक पंख्यांच्या खरेदीने होत नाही. छपरावरची वाऱ्याकडची झडप त्याच्या दिशेने उघडणारी हवी, आणि हवा बाहेर जायला दुसऱ्या टोकाला वाट हवी. नुसती आत येण्याची वाट उघडून भागत नाही. त्यावर कापडी वारापकड लावली तर मंद झुळूकही बिछान्यापर्यंत येते. बिछान्याशी बारा व्होल्टचा लहान पंखा लावा. तो फार थोडी वीज खातो आणि एसीशिवायच्या बहुतेक रात्री त्यावर निघतात. डासांची जाळी बसवल्यावर हवा बरीच अडते हे धरूनच पंख्याची जागा ठरवा.

एसी पाण्यावर थंड होणारा असेल तर त्याची गाळणी उन्हाळ्यात आठवड्याला साफ करावी लागते. एसी बंद करा, झडप बंद करा, झाकण उघडा, जाळी काढून धुवा, रबरी कडी नीट बसवून झाकण लावा, झडप उघडा आणि गळत नाही ना ते बघा. मग एसी लावून बोटीबाहेर पाण्याची धार पूर्वीसारखी पडते का ते पाहा. धार बारीक झाली असेल तर जेलीफिश, शेवाळ किंवा प्लास्टिकची पिशवी कुठेतरी अडकली आहे. एसीचं तापमान फार खाली आणू नका. आतली भिंत गार पडली आणि मागून दमट हवा शिरली की तिथे घाम सुटतो आणि काळी बुरशी धरते. एसी चालू असताना सगळी दारं आणि छपरावरच्या झडपा बंद, वारा घ्यायचा असेल तेव्हा एसी बंद. अर्धवट काही नको.

बुरशीला हवेतला ओलावा ६० टक्क्यांच्या आत असला की सहसा वाव मिळत नाही. एक साधा आर्द्रतामापक टांगून ठेवा. गाद्या रोज सकाळी उभ्या करा, कारण अंगाची ऊब आणि खालचा गार पृष्ठभाग यांमुळे गादी खालूनच भिजते. तिच्याखाली लाकडी पट्ट्यांची चौकट घातली तर हे दुखणं बरंचसं संपतं. कपाटांची दारं दिवसा उघडी ठेवा. पुठ्ठ्याची खोकी बोटीवर आणू नका, झुरळांची अंडी त्यांतूनच येतात.

स्वयंपाकाच्या गॅसबद्दल एवढंच: एलपीजी हवेपेक्षा जड असतो, तो बोटीच्या तळात साचतो आणि बाहेर जायला त्याला वाट नसते. प्रत्येक वापरानंतर सिलिंडरचीच झडप बंद करा आणि गळतीचा अलार्म खाली, जमिनीलगत लावा. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म मात्र झोपायच्या जागेजवळ हवा. शेजारच्या बोटीच्या जनरेटरचा धूरही उघड्या खिडकीतून आत येतो, आणि या वायूला वास नसतो.

पिण्याचं पाणी आणि शौचालय

उन्हात तापलेल्या टाकीतलं पाणी लवकर खराब होतं. हंगामाच्या सुरुवातीला टाकी निर्जंतुक करा. पाण्याचे फिल्टर काढून ठेवा. सुगंध नसलेलं, ५ टक्के तीव्रतेचं घरगुती ब्लीच दर लिटर पाण्याला १ मिलिलिटर या प्रमाणात घाला, म्हणजे १०० लिटरच्या टाकीला १०० मिलिलिटर. प्रत्येक नळ ब्लीचचा वास येईपर्यंत सोडा, चार तास थांबा, टाकी रिकामी करा आणि वास जाईपर्यंत दोन-तीनदा धुवा. धातूच्या टाकीत हे पाणी याहून जास्त वेळ ठेवू नका. ब्लीच आणि व्हिनेगर कधीही एकत्र करू नका, विषारी क्लोरीन निघतो. धक्क्याची नळी टाकीत घालण्याआधी एखाद मिनिट पाणी बाहेर सोडून द्या, कारण नळीत उन्हाने तापलेलं पाणी साचून राहिलेलं असतं.

शौचालयाचा वास बहुतेक वेळा नळीत कुजलेल्या समुद्राच्या पाण्याचा असतो. त्यातले सूक्ष्म जीव मरतात आणि सडलेल्या अंड्यासारखा वास येतो. दोन दिवस बाहेर जाणार असाल तर जाताना गोडं पाणी ओतून पंप करा. मैल्याच्या टाकीला हवा देणारी नळी तुंबली तर वास दुप्पट होतो, तीही फुंकून बघा. टाकी धक्क्यावरच्या पंपाच्या सोयीनेच रिकामी करायची. बंदिस्त बंदरातलं पाणी हलत नाही आणि त्याच पाण्यावर सगळे राहतात.

डेक, दोर आणि बोटीचा तळ

डेक सकाळी गोड्या पाण्याने धुवा. मीठ हवेतला ओलावा ओढून धरतं, म्हणून ते राहिलं की स्टेनलेसवर तपकिरी डाग येतात. सागवानी डेक मऊ ब्रशने, लाकडाच्या रेषांना आडवा घासायचा. रेषांच्या दिशेने घासलं तर मऊ भाग निघून जातो आणि खाचा पडतात. फायबरवर मेण सावलीत लावा. तापलेल्या पृष्ठभागावर ते वाळून चिकटतं.

पावसाआधी डेकची गळती शोधून ठेवणं हे उन्हाळ्यातलं माझ्या आवडीचं काम. एक जण आत टॉर्च घेऊन बसतो, दुसरा बाहेर पाण्याची नळी धरतो. सुरुवात खालच्या भागापासून करायची आणि हळूहळू वर जायचं. वरून सुरू केलं तर पाणी सगळीकडे ओघळतं आणि गळती नेमकी कुठली ते कळत नाही. दोषी खांब किंवा कडी सापडली की बाहेरून सिलिकॉन फासून मोकळं होऊ नका. ती पूर्ण काढा, जुना चीक खरवडा, ब्यूटाइल टेप (चिकट रबरी पट्टी) लावून पुन्हा बसवा आणि नट दोन-तीन दिवसांत थोडे थोडे आवळा.

बांधायचे दोर नायलॉनचेच हवेत, कारण ते ताणले जातात आणि झटका सोसतात. जिथे दोर धातूला घासतो तिथे चामडं किंवा जाड कापड गुंडाळा. प्लास्टिकची बंद नळी घालू नका. ताणाखाली दोर आतून तापतो आणि ती उष्णता कोंडली जाते. उन्हाने दोराचा पृष्ठभाग केसाळ आणि ताठ झाला असेल तर त्याचा भरवसा धरू नका. कमी झिजलेला दोर उलटा फिरवून दुसऱ्या टोकाने बांधला तर आणखी काही काळ चालतो. धक्का पाण्याबरोबर वर-खाली होणारा नसेल तर भरती-ओहोटीला पुरतील इतके लांब दोर ठेवा, नाहीतर ओहोटीला बोट दोरांना टांगली जाईल.

पाण्याच्या रेषेवरचं शेवाळ आठवड्याला मऊ फडक्याने पुसलं तर ते घट्ट बसत नाही. तळाचा रंग जोरात घासू नका, विशेषतः हळूहळू झिजत जाणारा. त्यातलं तांबं पाण्यात जातं आणि रंगाचं आयुष्य संपतं. पूर्वी कथिलयुक्त रंग वापरत. पाण्यातल्या जीवांवर त्यांचे फार वाईट परिणाम दिसल्यावर आंतरराष्ट्रीय कराराने २००८ पासून त्यांवर बंदी आली. बोट ढकलणाऱ्या पंख्यावर कवचं चढली असतील तर पाणबुड्याला बोलवा, आणि तो उतरण्याआधी धक्क्याची वीज तोडा.

इंजिनकडे उन्हाळाभर दुर्लक्ष होतं. महिन्यातून एकदा बोट सोडून खरोखर फिरवून आणा, इंजिन पूर्ण तापेपर्यंत, निदान अर्धा तास. धक्क्यावर नुसतं धडधडत ठेवल्याने डिझेल इंजिनात काजळी धरते. डिझेलची टाकी भरलेली ठेवा म्हणजे आत पाण्याचे थेंब धरणार नाहीत, आणि फिल्टरच्या तळातलं पाणी काढत जा. पाणी फिरवणारा रबरी इम्पेलर वर्षातून एकदा बदला. जुन्याची पाती तुटलेली असतील तर तुटलेले तुकडे पुढच्या नळीत शोधून काढा.

बोट सोडून जाताना

एक रात्र जरी बाहेर जाणार असाल तरी हा फेरा मारा. गॅसची झडप बंद. धक्क्याचा पाण्याचा नळ बंद. एसी बंद, त्याचा सीकॉक बंद. शौचालय आणि बेसिनचे सीकॉक बंद. कोणती झडप बंद आहे त्याची चिठ्ठी इंजिनच्या किल्लीला बांधा, म्हणजे परत आल्यावर बंद झडपेवर इंजिन सुरू होणार नाही. तळातला पंप आपोआप चालेल अशा स्थितीत, बॅटरी चार्जरवर. छत उतरवलेलं. एक जास्तीचा दोर बांधलेला. शेजारच्या बोटीवर राहणाऱ्याकडे तुमचा फोन नंबर.

मग धक्क्यावर उतरून पाण्याची रेषा बघा. हंगामाच्या सुरुवातीला बोट जशी बसलेली होती तसं तिथे टेपने एक खूण करून ठेवा, दोन्ही बाजूंना. शेजाऱ्याला ती खूण दाखवा आणि सांगा, ही टेप पाण्याखाली गेलेली दिसली तर मला लगेच फोन करा.